लालबागहून मुंबईला

जिन्यावरून बॅगा उतरवताना पहिल्या मजल्यावर राधाकाकूंनी वाट अडवली. मे महिना, चाकांची मोठी बॅग, जयवंतच्या डोक्यावर टोपी, म्हणजे ही मंडळी कुठे निघाली हे त्यांना न विचारताही ठाऊक होतं. पण विचारल्याशिवाय लालबागच्या चाळीत कुणी कुणाला खाली उतरू देत नाही.

"गावाक काय गो?"

"नाही काकू. मुंबईला चाललोय," दर्शना म्हणाली.

राधाकाकूंनी हातातली कळशी खाली ठेवली. "खंयच्या मुंबईक?"

"आहे की एक. समुद्राकाठी. मोठं बंदर आहे, बोटी आहेत. लांबून लांबून लोक बघायला येतात."

आणि ती उतरून गेलीसुद्धा. मागून तिच्या नवऱ्याचा, जयवंतचा आवाज आला, अपराधी माणसाचा असतो तसा. "तिच्या मनात आलां काकू. मी काय करतलंय?"

दर्शनाच्या मनात एखादी गोष्ट आली की ती झाल्याशिवाय राहत नाही, हे घरादाराला माहीत होतं आणि दुकानातही माहीत होतं. हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानात तिने अख्खं आयुष्य काढलं. गिऱ्हाईक पायरी चढतानाच तिला कळायचं की हिला मोतिया रंग लागणार की राणी, आणि बरोबर आलेली नणंद मोडता घालणार की नाही. "आम्ही फक्त बघायला आलोय" म्हणणाऱ्या बायका तिच्यासमोर बसल्या की पिशवी घेऊनच उठायच्या. मालक तिला सुट्टी देताना असा चेहरा करायचा, जणू तिने दुकानाचं शटरच मागितलं. त्यात मे म्हणजे लग्नसराई. तरीही मेमधले हे मोजके दिवस ती दरवर्षी भांडून मिळवायची, आणि दरवर्षी ते गावच्या घरात चुलीपुढे जायचे.

गाव कणकवलीजवळ. घर दिराचं, माणसं वीस-बावीस, आंबे-फणस भरपूर, आणि सकाळच्या घावण्यांपासून रात्रीच्या भातापर्यंत चुलीला उसंत नाही. मुंबईची सून आली म्हटल्यावर गावच्या जावेला जरा पाठ टेकावीशी वाटायची, आणि दर्शनाला त्याचा राग नव्हता. तिलाही कुणी बदली दिली असती तर तिनेही टेकली असती. सगळे म्हणायचे, काय मजा केली सुट्टीत. दर्शना सोमवारी दुकानात येऊन गादीवर बसायची तेव्हा कुठे तिच्या कमरेला सुट्टी लागायची.

यंदा दिराने घराचं छप्पर उतरवलं. नवे पत्रे, नव्या भिंती, पावसाच्या आत काम उरकायचं होतं. गावाला राहायला जागा नव्हती, आणि दर्शनाची रजा तर मंजूर झालेली.

"मगे घराकच रवया," जयवंत म्हणाला. "मस्तपैकी आराम करूया."

जयवंतचा आराम तिला चांगला ओळखीचा होता. शिवडीच्या गोदामातून निवृत्त झाल्यापासून तो रोज तेच करत होता. खिडकीजवळची खाट, पेपर, आणि ठरावीक वेळाने "चाय टाकतंस?" माणूस वाईट नव्हता. व्यसन नाही, ओरडणं नाही, पगार कधी लपवला नाही. पण स्वयंपाकघराचा उंबरा त्याने पाण्याच्या ग्लासापुरताही ओलांडला नव्हता, आणि त्याला ओलांडायला कुणी सांगितलंही नव्हतं. त्यात दर्शनाही आली.

तिला काय हवं होतं ते अगदी साधं होतं. तीन दिवस गॅसला हात लावायचा नाही. सकाळी डोळे उघडायचे आणि कुणीतरी चहा आणून पुढ्यात ठेवायचा. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात असा चहा मिळाला होता, पण तो काही सुट्टीत धरता येत नाही. लॉजमध्ये असा चहा मिळतो, दरवाजावर टकटक करून, ट्रेमध्ये ठेवून. दुकानातल्या मुली हनिमूनहून आल्या की तेवढं एकच सांगताना लाजायच्या नाहीत.

हे तिने घरात कुणाला सांगितलं नाही. जिच्या हातचा चहा पिऊन घर उठतं, तिने आपल्यासाठी कपभर चहा मागायचा, याची तिला सोन्याच्या बांगड्या मागण्यापेक्षा जास्त लाज वाटली असती. शिवाय धंद्याची सवय. गिऱ्हाइकाला किंमत आधी सांगायची नसते, आधी पदर उलगडायचा. तिने पदर उलगडला. मुलगा विनीत, सून अक्षता आणि आठ वर्षांची नात मनू जेवायला बसले असताना ती म्हणाली, "लोक नागपूरहून, इंदूरहून येऊन मुंबईचं बंदर बघतात. आपण गेटवेच्या बोटीत कधी बसलो? मनूने फ्लेमिंगो बघितलेत? बाणगंगा बघितलीय कुणी?"

"समुद्रात काय बघूचा आसा?" जयवंत म्हणाला. "पाणीच मां? मी उभा जन्म धक्क्यार काढलंय."

"तुम्ही बघितलात. आम्ही तुमचा डबा बघितला."

विनीत हसला आणि तिथेच निम्मं काम झालं. उरलेलं मनूने केलं.

दर्शनाने नियम एकच घातला. घरातून निघालं की तीन दिवस घरी फिरकायचं नाही. टूरिस्ट घरी जेवायला जात नाहीत. अक्षताने मोबाइलवर गिरगावात, चौपाटीच्या मागच्या गल्लीत, एका गेस्ट हाऊसमध्ये दोन खोल्या बुक केल्या. फोटोत पांढरी चादर होती, खिडकी होती आणि खिडकीत बोटभर समुद्र होता. आणि बाजूच्या टेबलावर कप-बशी. दर्शनाने तो फोटो बोटांनी मोठा करून कप-बशीच तेवढी नीट पाहिली.

इथे घरातल्या चहाबद्दल सांगायला हवं. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी तिला टोप, चहाच्या पातीचा डबा आणि साखरेचा चमचा दाखवला होता. इतकं पाणी, इतकी पात, एवढी साखर. सगळ्यांचा एकच टोप आणि गोडी सासूबाईंची. सासूबाई जाऊन वर्षं झाली, पण जयवंतची जीभ त्याच गोडीवर वाढलेली, त्यामुळे माप तेच राहिलं. अक्षता लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात साखर घालायच्या आधी आपला कपभर चहा बाजूला काढून घ्यायला लागली. दर्शनाला तेव्हा ते जरा नखऱ्याचं वाटलं होतं. बोलली मात्र नाही. त्या मुलीला आपल्याला काय आवडतं ते ठाऊक आहे, एवढंच तिच्या मनात येऊन गेलं, आणि मग दुकानाची वेळ झाली.

तर असे सगळे गिरगावात पोचले. गेस्ट हाऊसच्या काउंटरजवळ एक पोऱ्या लादी पुसत होता. बॅगा ठेवून जा, खोल्या संध्याकाळी मिळतील, म्हणाला. बॅगा ठेवून मंडळी टॅक्सीने गेटवेला गेली.

गेटवेला गळ्यात कॅमेरा लटकवलेला एक फोटोवाला लगेच चिकटला. "आंटी, फॅमिली फोटो? कहाँ से आये हो?"

"लालबाग से," मनू म्हणाली.

फोटोवाल्याचा कॅमेरा खाली आला. आपलाच वेळ गेला अशा नजरेने तो दुसरीकडे बघायला लागला. दर्शनाने त्याला जाऊ दिलं नाही. "लालबागवाल्यांचा फोटो निघत नाही काय? निकालो. सब लोग एक साथ." आणि तिने पदर सारखा करून असा फोटो काढून घेतला की मागे गेटवे आहे हे शोधावं लागेल.

बोटीत जयवंत पहिली दहा मिनिटं टोपी ओढून बसला. मग मनूने दूरच्या एका जहाजाकडे बोट दाखवून "ती मोठी बोट कसली?" विचारलं आणि त्याचा बांध फुटला. ते तेलाचं जहाज, बघ कसं पाण्यात खोल बसलंय, म्हणजे भरलेलं आहे. ते रिकामं, म्हणून एवढं उंच दिसतंय. त्या राखाडी नेव्हीच्या. तिकडे लांब, धुरकट दिसते ती आमची शिवडीची बाजू. शेजारच्या बाकावरचं एक जळगावचं कुटुंबही ऐकायला सरकलं. जयवंत छाती काढून बोलत होता, वाऱ्याने टोपी उडाली तरी त्याला कळलं नाही. विनीतने ती पकडली.

दर्शना कठड्याला टेकून शहराकडे बघत होती. या बाजूने तिने मुंबई कधी पाहिली नव्हती. आपण रोज जिच्यात धावतो ती ही, इतकी शांत आणि पाण्यावर बसलेली, याचं तिला नवल वाटलं. छान वाटलं. समुद्राचं निमित्त करून आलो, पण समुद्रही काही कमी नाही, असं तिने मनात कबूल केलं.

दिवस मजेत गेला. खानावळीत सुरमई खाल्ली आणि ताट दुसऱ्याने उचललं तेव्हा दर्शना मुद्दाम हात मांडीवर ठेवून बसली. म्युझियममध्ये मनूने जहाजांच्या छोट्या प्रतिकृती बघितल्या, जयवंतने पंखा बघितला. उन्हं उतरल्यावर चौपाटीवर भेळ झाली, मलई कुल्फी झाली. उद्या शिवडीला फ्लेमिंगो, असं ठरलं. जयवंत म्हणाला, भरती बघून जाऊया, पाणी चढायला लागलं की ते जवळ येतात. म्हणजे आता त्यालाही रस आला होता. अंगाला वाळू, पायाला दुखरं सुख, असे सगळे गेस्ट हाऊसवर परतले.

आता काउंटरवर मॅनेजर होता. नीटनेटका माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. विनीतने आधार कार्डं पुढे केली. मॅनेजरने एक पाहिलं, दुसरं पाहिलं, मग चष्मा काढला.

"सर, ये तो लोकल आयडी है."

"हो. मग?"

"लोकल आयडी पे रूम नहीं देते. हमारा रूल है."

विनीतला आधी कळलंच नाही. अक्षताने मोबाइल पुढे केला, बुकिंग दाखवलं, पैसे भरल्याचा मेसेज दाखवला. मॅनेजर मान हलवत राहिला. बुकिंग बरोबर आहे, पैसे परत येतील, पण मुंबईचा पत्ता असेल तर खोली नाही. मालकाचा नियम. मुंबईचा माणूस मुंबईत खोली कशाला घेईल?

"फॅमिली आहे आमची," दर्शना पुढे होऊन म्हणाली. "माझा नवरा, मुलगा, सून, नात. तुम्हाला काय वाटलं?"

"मॅडम, मुझे कुछ नहीं लगता. मैं तो रूल बता रहा हूँ." मग तो मराठीवर आला, जरा नरमाईने. "तुमचं घर लालबागला ना? टॅक्सीने किती वेळ लागतो? घरी जा, आरामात झोपा. खोलीवर पैसे कशाला घालवता?"

दर्शनाने आपली सगळी विद्या काढली. आवाज खाली आणला, हसली, मालकाला फोन लावायला लावला. मालक कुठल्या तरी लग्नात होता, फोनमधून बँडच ऐकू येत होता. बँड थांबला तेव्हा मालकही तेच म्हणाला. तिने आणखी एका लॉजचं नाव विचारलं. मॅनेजरने प्रामाणिकपणे सांगितलं की या पट्ट्यात बहुतेक जण हेच सांगतील. अक्षताने तिथेच उभं राहून तीन ठिकाणी फोन लावले. तिन्हीकडून तेच ऐकायला मिळालं. अख्ख्या देशातल्या माणसाला मुंबईत खोली होती. लालबागच्या माणसाला नव्हती.

बुकिंग करताना हे वाचायला हवं होतं म्हणून विनीत अक्षतावर चिडला, तू का नाही वाचलंस म्हणून अक्षता विनीतवर चिडली. मनू बॅगेवर बसून पेंगायला लागली. आणि जयवंतच्या चेहऱ्यावर, तो लपवायचा प्रयत्न करत होता तरी, सुटका झाल्याचं समाधान पसरलं.

"चल गो घराक," तो म्हणाला. "कुळथाचा पीठ आसा मां? पिठी कर, भात टाक. गरम गरम जेवया आणि पडूया."

दर्शनाला ते वाक्य लागलं. खोली गेली त्याचं तिला एवढं वाटलं नव्हतं. पण हा माणूस दिवसभर तिच्याबरोबर बोटीत बसला, भेळ खाल्ली, आणि संध्याकाळी त्याला तिच्या हातची पिठीच आठवली. तिला त्याचा राग आला, खरा राग, पुष्कळ वर्षांत आला नव्हता असा. ती बाहेर रस्त्यावर आली. टॅक्सी थांबवली आणि पुढच्या सीटवर बसली.

टॅक्सी भायखळ्याच्या पुलावर येईपर्यंत तिचा राग निवला होता आणि डोकं चालायला लागलं होतं. दुकानात हवा तो रंग संपला की गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नसतं. आहे त्या मालात तो दाखवायचा असतो. लालबागला उतरायच्या आधी तिने वाटेत टॅक्सी थांबवून सगळ्यांना पावभाजी खाऊ घातली. जयवंत "घराक पिठी" म्हणायला लागला तेव्हा तिने त्याच्या प्लेटमध्ये आणखी एक पाव ठेवला.

चाळीच्या जिन्यात पुन्हा राधाकाकू. "काय गो, मुंबई बघून झाली?"

"मुक्काम बदलला, काकू," दर्शना म्हणाली आणि वर गेली.

दाराशी आल्यावर विनीतने किल्ली काढली. दर्शनाने त्याचा हात धरला.

"थांब. आपण घरी आलेलो नाही. लॉजवर आलोय."

"आई, दमलोय गं सगळे."

"म्हणूनच. लॉजला मॅनेजर लागतो." ती जयवंतकडे वळली. "मॅनेजर तुम्ही. विनीत तुमच्या हाताखाली. मी, अक्षता आणि मनू, आम्ही पाहुणे. तीन दिवसांचं बुकिंग आहे."

मनूची झोप उडाली. तिने आजीच्या पर्समधून आधार कार्ड काढलं आणि आजोबांपुढे धरलं. "लोकल आयडी चालते का?"

जयवंतने मनूसाठी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं. मग ते परत देऊन तो आत गेला आणि खाटेवर बसला. "खेळ पुरे झालो. दर्शना, जरा पाणी आण."

कुणी हललं नाही. अक्षता सवयीने आत निघाली, दर्शनाने तिचा खांदा धरून तिला खुर्चीवर बसवलं.

"खेळ नाहीये हा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. साडीचा भाव शेवटचा सांगताना तिचा आवाज असाच लागायचा. "मला समुद्र बघायचा होता असं तुम्हाला वाटलं. समुद्र बघितला, आवडला. पण मला सुट्टी हवी होती. गावाला जाते तिथे चूल, इथे असते तिथे गॅस. मला लॉज कशासाठी हवा होता माहिती आहे? सकाळी मी अंथरुणात असताना कुणीतरी मला चहा आणून द्यावा, एवढ्यासाठी. त्या माणसाने खोली दिली नाही, ठीक आहे. पण चहा घरात आहे, गॅस घरात आहे आणि माणसंही घरात आहेत."

खाली गल्लीत मसाला कुटायचा डंख अजून चालू होता, त्याची धडधड तेवढी ऐकू येत होती. भाजलेल्या मिरचीचा वास खिडकीतून आत आला आणि विनीत शिंकला. मग तो उठला, आत गेला आणि पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आला. आधी आईपुढे धरलं.

जरा वेळाने जयवंत उशी काखेत मारून गॅलरीत गेला. तो रागावून गेला की खाट रिकामी करून गेला हे दर्शनाला कळेना. एरवी ती आतल्या खोलीत ओट्याजवळ गादी टाकायची. आज ती खिडकीजवळच्या खाटेवर झोपली. मनू शेजारी येऊन पडली.

"आजी, इथून समुद्र दिसत नाही."

"नाही. मसाला दिसतो. झोप."

झोपताना तिला थोडी धाकधूक होती, खोटं कशाला बोला. सगळ्यांसमोर मागून बसलो. सकाळी चहा आला नाही तर? तर उठायचं नाही, एवढं तिने ठरवलं. भूक लागू दे, दूधवाला ओरडू दे, जयवंतचा पेपर वाचून होऊ दे. आपण उठायचं नाही. एवढं ठरल्यावर मात्र तिला गाढ झोप लागली.

सवयीने डोळे उजाडतानाच उघडले. पाय खाली टेकणार तोच तिला आठवलं, आणि तिने ते परत चादरीत घेतले. घरात सगळे झोपलेले वाटत होते. मग आतल्या खोलीतून लायटरचा आवाज आला. टक. टक टक. पुन्हा टक टक. गॅस पेटला. टोप ओट्यावर आपटला आणि कुणीतरी दबल्या आवाजात स्वतःलाच रागावलं. डबे उघडले जात होते, झाकणं पडत होती. एकदा डबा बंद झाला आणि पाठोपाठ "शी, रवो" असं ऐकू आलं. दर्शनाने चादर तोंडावर ओढून घेतली, कारण हसू बाहेर गेलं असतं तर तो थांबला असता.

उठून मदत करावी असं तिला प्रत्येक आवाजाला वाटत होतं. साखर वरच्या फळीवर, उजवीकडे. पातीच्या डब्याचं झाकण जरा फिरवून उघडावं लागतं. तिचे हात चादरीखाली आपोआप हलत होते. ती उठली नाही. दिवसभर लग्नाचा बस्ता दाखवणंही तिला याच्यापेक्षा सोपं गेलं असतं.

मग पडदा हलला. जयवंत दारात उभा होता. खांद्यावर टॉवेल, एका हातात साखरेचा डबा, दुसऱ्या हातात चमचा. केस विस्कटलेले. रात्री गॅलरीत झोप लागली नसावी, डोळे लाल होते. तो मनूला जाग येऊ नये म्हणून हळू बोलला.

"उठलंस काय गो?"

"हं."

"चाय उकळता हा." तो थोडा थांबला. "साखर किती घालू तुका?"

दर्शनाने तोंड उघडलं. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी तिचं उत्तर ओठावर तयार असायचं. या घरात कुणाला किती साखर लागते, कुणाला आलं चालत नाही, मनूच्या दुधावरची साय काढायची की नाही, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. आणि आता ओठावर आलं ते सासूबाईंचं माप. ते जयवंतचं होतं. तिचं नव्हतं. तिचं कुठलं, हे शोधायला ती मनात मागे मागे गेली, लग्नाच्या आधी माहेरी, आईच्या टोपाशी, आणि तिथेही ते नव्हतं. तिथेही एकच टोप होता.

तिचे डोळे भरून आले. दुःखाने नव्हे, किंवा थोडं दुःखानेही. आपण इतकी वर्षं आपल्यालाच कधी विचारलं नाही, आणि विचारलं ते या माणसाने, हातात रवा लागलेला चमचा घेऊन. त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. लॉजवाले विचारतात, म्हणून त्याने विचारलं.

"काय झालां?" तो गोंधळला. "कमी घालू?"

"माहीत नाही," दर्शना म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही, मला किती लागते. कधी बघितलंच नाही."

जयवंत तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हातातल्या डब्याकडे पाहिलं, जणू उत्तर त्याच्यात असेल. आत टोपातला चहा उतू जायच्या बेतात आला होता, त्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला, पण तो वळला नाही.

"सावकाश सांग," तो म्हणाला. "माका खंय जावचा आसा?"

शेजारी मनू कूस बदलून जागी झाली. डोळे चोळत तिने विचारलं, "आजी, आज काय काय बघायचंय?"

दर्शनाने डोळे पुसले आणि उशी भिंतीला लावून ती नीट टेकून बसली, पाय पसरून, पाहुणे बसतात तशी.

"दुपारी फ्लेमिंगो," ती मनूला म्हणाली. मग जयवंतकडे वळली. "आजचा कप बिनसाखरेचा आणा. उद्या अर्धा चमचा घाला, परवा एक. तीन दिवसांचं बुकिंग आहे, बघू मला कुठला आवडतो."